आठवी ब, एक बोर्ड आणि पोवार सरांची मॅट

बी.एड.ला प्रत्येक सराव पाठानंतर टाचण जमा करावं लागतं. उद्देश, साधनं, फलकलेखन, स्वाध्याय, सगळं आपापल्या चौकटीत आणि खाली मार्गदर्शकांची सही. पण तासाला वर्गात खरं जे घडतं, त्याला टाचणात रकाना नसतो. ते कुणी जमा करून घेत नाही. मग ते आपल्याकडंच साठतं आणि चहाला चार जण जमले की बाहेर पडतं.

माझ्याकडं साठलेलं जवळपास सगळं कसबा बावड्यातल्या एका हायस्कूलचं आहे. तिथं आम्ही काही महिने छात्रशिक्षक होतो. सुरुवात मात्र कॉलेजपासून करायला हवी, कारण आमचं तंत्रज्ञान तिथंच सुरू झालं. म्हणजे खडूनं.

*

कॉलेजमध्ये कॉम्प्युटर लॅब होती आणि तिला कुलूप होतं. तपासणीची समिती येणार होती, तोपर्यंत मशिनं नवी दिसायला हवी होती. त्यामुळे आमच्या देसाई मॅडम कॉम्प्युटर फळ्यावर शिकवायच्या. खडूनं स्क्रीन काढायच्या, कोपऱ्यात छोटे छोटे चौकोन काढायच्या आणि म्हणायच्या, "आता इथं डबल क्लिक करा." मग डस्टरनं फळ्यावर टक टक करायच्या. आम्ही वहीत लिहायचो, 'टक टक.'

मला धीर निघेना. मी उभं राहून विचारलं, "मॅडम, खरा कॉम्प्युटर कधी?"

"आधी थिअरी पक्की होऊ दे. पोहायला शिकणारा माणूस पहिल्याच दिवशी पाण्यात उतरतो का?"

माझ्या शेजारी संदीप बसायचा. तो नेसरीचा. तो मनापासून म्हणाला, "मॅडम, आमच्यात विहिरीत ढकलूनच देत्यात."

परीक्षेत प्रश्न आला, 'माऊसची सुबक आकृती काढून भागांना नावे द्या.' संदीपनं माऊस काढला आणि त्याची वायर उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावरून पुरवणीवर नेली. विचारलं तर म्हणाला, "पुरवणी घेतली की मार्क वाढतात."

*

बावड्याच्या शाळेत पहिल्या दिवशी हेडमास्तर मगदूम सरांनी मला आणि संदीपला एक खोली उघडून दाखवली. भिंतीवर भलामोठा डिजिटल बोर्ड. बोटानं चालणारा, इंटरनेटवाला. माजी विद्यार्थ्यांनी भेट दिलेला. त्याच्यावर सोफ्याच्या कापडाचं शिवून घेतलेलं कव्हर होतं, खाली झालर लावलेलं.

"सर, हा कधी वापरता?"

"उद्घाटनाला चालू केला होता."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर सुरक्षित ठेवलाय."

मला काय झालं ते सांगते. मी कागलजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत शिकले. आमच्याही शाळेत एक कॉम्प्युटर होता, कव्हर घातलेला. पाचवीपासून दहावीपर्यंत मी त्याचं फक्त कव्हर बघितलं. त्यामुळे तो झालरवाला बोर्ड बघितल्यावर माझं डोकंच फिरलं. मी सरांना म्हणाले, "मला किल्ली द्या. आठवी 'ब'चे माझे सगळे तास मी इथं घेते."

पण त्या खोलीवर आणखी एकाचा डोळा होता. पोवार सर. भूगोल आणि खेळ हे दोन्ही विषय त्यांचे, मिशी एकच पण दोन माणसांना पुरेल अशी, आणि माझे मार्गदर्शक शिक्षक तेच. त्यांनी मुलींचा कुस्तीचा संघ तयार केला होता. संघाची मॅट व्हरांड्यात होती. पाऊस आला की मॅट भिजायची आणि सराव बंद.

"बोर्ड भितीला टांगलाय. त्याला जमीन कशाला लागत्या?" पोवार सर म्हणाले. "मला भित नको. जमीन द्या."

"मग दोन्ही एकाच खोलीत ठेवूया की," मी म्हटलं.

मगदूम सर दचकले. "पोरी एकमेकींना उचलून टाकणार. एखादी बोर्डावर गेली तर माजी विद्यार्थ्यांना मी काय सांगू?"

शेवटी त्यांनी निकाल दिला. माझा शेवटचा परीक्षेचा पाठ होईपर्यंत खोली बोर्डाची. तोवर बोर्ड नीट चालला, मुलं शिकताना दिसली, तर पुढंही बोर्डाचीच, सगळ्या वर्गांना. नाहीतर कव्हर घालायचं आणि मॅट आत.

"आणि तक्रार आली तर तिथंच थांबवणार," असंही म्हणाले.

बाहेर आल्यावर पोवार सर मला म्हणाले, "ओ टेक्नॉलॉजीवाल्या बाई, वाईट वाटून घिऊ नका. पण मी तुमच्या शेवटच्या पाठाची वाट बघालोय."

*

पहिला पाठ संदीपचा, इतिहासाचा. त्यानं रात्रभर जागून स्लाईड केल्या होत्या. त्याला नुकतंच ॲनिमेशन सापडलं होतं. त्यामुळे शीर्षकातलं एकेक अक्षर उजवीकडून गाडीसारखं यायचं, करकचून ब्रेक लागल्याचा आवाज व्हायचा आणि मग ते जागेवर बसायचं. मुलं खूश. प्रत्येक अक्षराला टाळ्या. शीर्षक पूर्ण व्हायच्या आत लाईट गेली.

तेवढ्यात दारातून देसाई मॅडम निरीक्षणाला आल्या.

संदीप घाबरला की तो थांबत नाही, उलट जोरात सुरू होतो. तो काळ्याकुट्ट बोर्डाकडं हात करून म्हणाला, "या चित्रात तुम्हाला काय दिसतंय?"

आठवी ब म्हणजे काय वर्ग आहे ते मला त्या दिवशी कळलं. एक पोरगं उठलं. "सर, किल्ला."

"शाब्बास. आणि किल्ल्याच्या डाव्या बाजूला?"

"दरी, सर."

"सर, दरीत धुकं हाय," मागनं दुसरं म्हणालं.

पूर्ण तास त्यांनी तसाच चालवला. देसाई मॅडम खिडकीशी बसल्या होत्या, तिथून बोर्डावर उजेड पडल्यासारखा वाटत असावा. त्यांनी शेरा लिहिला, 'साधनांचा प्रभावी वापर. चित्रे बोलकी होती.'

*

माझी एक पद्धत होती. बोर्डावर काहीही लिहिलेलं आलं की वर्गानं ते मोठ्यानं, एका सुरात वाचायचं. वाचन सुधारतं आणि मागचे बाक झोपत नाहीत. मुलांना ती इतकी आवडली की रिकामा बोर्ड असला तरी ती कंपनीचं नाव वाचायची.

एके दिवशी मला मोबाईलमधले ढगांचे फोटो दाखवायचे होते, म्हणून मी फोन बोर्डाला जोडला. फोटो छान आले. मी पाठ फिरवून शेजारच्या फळ्यावर खडूनं ढगांचे प्रकार लिहायला लागले. मागनं पूर्ण वर्ग खणखणीत आवाजात वाचायला लागला.

"रविवारी पावणं बघायला येणार हायत. साडी नेस. त्यो काळा टीशर्ट घालू नको. आणि आल्या आल्या त्यास्नी शिकवायला बसू नको."

आईचा मेसेज होता. मी वळेपर्यंत दुसरा आला आणि तोही वाचून झाला. "पोरगा बँकेत हाय."

पहिल्या बाकावरची श्रावणी उठली. ही पोवार सरांच्या संघातली, वर्गातल्या निम्म्या पोरांना उचलून आपटू शकेल अशी. ती काळजीनं म्हणाली, "मॅडम, मी एक विचारतो. कुठली बँक?"

सोमवारी मी वर्गात पाऊल टाकलं. कुणी गुड मॉर्निंग म्हणालं नाही. सगळ्यांनी एका सुरात विचारलं, "जमलं?"

मी मान हलवली. नाही.

"आम्ही म्हटलंच व्हतं," श्रावणी बसता बसता म्हणाली, "शिकवायला बसल्या असणार."

खरं सांगायचं तर बसलेच होते. तो म्हणाला, खेड्यातल्या पोरांना टेक्नॉलॉजीचा काय उपयोग. मग मी काय गप्प बसणार होते?

*

तक्रार आली ती उपग्रहाच्या नकाशामुळे.

मला नदीचं वळण दाखवायचं होतं. वरून बघितलेली पंचगंगा, तिचं पात्र, दोन्ही बाजूंचा गाळाचा भाग. मी नकाशा मोठा करत करत बावड्यावर आणला आणि नदी तिथंच राहिली. कारण एका पोरानं आपल्या घराचा पत्रा ओळखला. मग सगळ्यांनी आपापले पत्रे शोधले. कारखान्याची चिमणी सापडली. गोठे सापडले. एक ठिपका दाखवून एक जण म्हणाला, "मॅडम, ही आमची म्हस." शेजारचा म्हणाला, "ती आमची हाय, तुमची म्हस सावलीतनं बाहेर येती कधी?"

मी म्हटलं, चला, निदान नकाशावाचन तरी होतंय.

मग अनिकेत उठला. "मॅडम, आमचा ऊस दाखवा." दाखवलं. "आता जरा मोठं करा. अजून. हितं बांध बगा. चुलत्यानं आत सरकवलाय का न्हाय?"

मी शिक्षिका. शंका विचारली की उत्तर द्यायचं, एवढंच मला माहीत. मी म्हटलं, "हो, रेषा थोडी वाकडी दिसते खरी."

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला अनिकेतचे वडील दारात. त्यांच्यामागं चुलता. चुलत्यामागं भावकीतली आणखी दोन माणसं, त्यातल्या एकाच्या हातात दोरी.

"कुठल्या त्या मोजणीच्या बाई?" चुलत्यानं विचारलं.

मगदूम सरांनी सगळ्यांना ऑफिसमध्ये बसवलं, चहा दिला, आणि मला बोलावून सगळ्यांदेखत म्हणाले, "मॅडम, तुम्ही भूगोल शिकवा. मोजणी खातं सरकारचं असतं."

मला वाटलं, झालं, आज खोली गेली. पण पोवार सर मध्ये पडले. त्यांनी चुलत्याच्या खांद्यावर हात टाकला. "पावणं, त्यो नकाशा लई जुना हाय. त्यात तर आमच्या शाळंचं गेटबी न्हाय. त्यावर काय भांडतायसा? चहा घ्या आणि चला." माणसं गेली.

मी आभार मानायला गेले तर म्हणाले, "कशाला आभार? समोरचा गडी निम्म्यात कुस्ती सोडून गेला तर मला जिंकल्यासारखं वाटत न्हाय."

*

एक किस्सा छोटा आहे, पण पुढं लागणार आहे.

पावसाळ्यात आजूबाजूच्या शेतातनं वर्गात काय काय येतं. मी बोर्डावर प्रश्नमंजूषा लावली होती. प्रश्न, खाली चार पर्याय, बरोबर पर्यायाला हात लावला की बोर्डातनं टाळ्या वाजतात. 'हवेतील बाष्पाचे प्रमाण मोजण्याचे साधन कोणते?' वर्गात कुणालाच येईना. मी वाट बघत उभी. तेवढ्यात खिडकीतनं एक हिरवा नाकतोडा उडत आला आणि बोर्डावर बसला. बरोबर 'आर्द्रतामापक' वर.

टाळ्या वाजल्या.

मागच्या बाकावर बसून माझा पाठ बघणारे पोवार सर म्हणाले, "त्याला हजेरीत घ्या."

मग मी मुलांना नीट सांगितलं. बोर्डाला बोट ओळखता येत नाही. त्याच्या चौकटीतून काचेवरून सगळीकडं न दिसणाऱ्या प्रकाशाची जाळी गेलेली असते. त्या जाळीत काहीही आडवं आलं की बोर्डाला वाटतं, कुणीतरी दाबलं. बोट असो नाहीतर नाकतोडा. मुलांनी लगेच पेन्सिल, पट्टी, कोपर, नाक, सगळं लावून खात्री केली.

*

आता शेवटचं.

खंडेनवमीला शाळेत सगळ्या साधनांची पूजा झाली. प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक, ऑफिसमधला प्रिंटर, घंटा, पोवार सरांची मॅट आणि आमचा बोर्ड. आमच्या घरी दसऱ्याला विहारात जातात, यंत्राला कुंकू लावायची पद्धत नाही, त्यामुळे मी लांबून बघत उभी होते आणि पेढ्याची वाट बघत होते. पोवार सरांनी तबक धरलं होतं. मगदूम सरांनी मनापासून पूजा केली. ओलं कुंकू, हळद, अक्षता, झेंडूचा हार. सर उंच आहेत, त्यामुळे बोर्डाच्या वरच्या चौकटीपर्यंत सगळं व्यवस्थित पोचलं.

सुट्टी संपवून आलो, बोर्ड चालू केला, आणि पान आपोआप सरकलं. मी मागं आणलं. परत सरकलं. मग एक खिडकी उघडली, मिटली, आणि आवाज आपोआप मोठा झाला.

आठवी 'ब'नं निदान केलं. "मॅडम, बोर्डाच्या अंगात आलंय."

मी चिडले. अंगात वगैरे काही येत नसतं यावर एक छोटं भाषण दिलं. भाषण चालू असताना बोर्डानं स्वतःहून घड्याळ लावलं आणि गजर वाजवला. कंपनीला फोन केला तर तिकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, बंद करून चालू करा." मी केलं. तो म्हणाला, "परत करा." असं करत आठवडा गेला आणि परीक्षेचा पाठ उजाडला.

मागं खुर्च्यांवर तिघं. देसाई मॅडम, मगदूम सर, पोवार सर. पाठ ढगांचाच. मी जीव मुठीत धरून सुरुवात केली. ढग आले आणि हळूहळू डावीकडून उजवीकडं सरकायला लागले. मी काही केलं नव्हतं. देसाई मॅडम कौतुकानं मान हलवत होत्या. मग ढग गेले, कॅल्क्युलेटर आला. कॅल्क्युलेटर गेला, भाषा बदलली. सगळ्या सूचना चिनी लिपीत दिसायला लागल्या. वर्ग वाचायला तोंड उघडून तसाच थांबला.

मगदूम सरांनी एक सुस्कारा सोडला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते बाहेर गेले. पोवार सरांनी खिशातनं टेप काढला आणि खोलीची जमीन मोजायला लागले.

"सर, पाठ चालू आहे," मी म्हटलं.

"चालू द्या की. मी खालचं बघालोय, तुम्ही वरचं बघा."

मी वर बघितलं. वैतागानंच बघितलं. आणि दिसलं की प्रत्येक वेळी दाबल्याची छोटी गोल खूण एकाच जागी उमटतेय. वर, डाव्या कोपऱ्यात. मी ढग सोडून दिले. वर्गाला विचारलं, "बोर्डाला कधी वाटतं, कुणीतरी दाबलं?"

"मधी काय आलं की," अर्धा वर्ग म्हणाला.

"मग आत्ता मध्ये काय आलंय?"

श्रावणी उठली, परवानगी न विचारता बाकावर चढली आणि चौकटीला डोळा लावला. "मॅडम, तांदूळ हाय. कुंकवात चिकटून बसलाय, आतल्या बाजूला."

खाली टेप धरून बसलेल्या पोवार सरांनी मान वर केली. "श्रावणी, मॅट कुणाची हाय?"

"आपली, सर."

"मग तू कुणाच्या बाजूनं हाईस?"

श्रावणीनं एकदा व्हरांड्याकडं बघितलं. मॅट भिजली की सगळ्यात जास्त तीच रडायची, हे मला माहीत होतं. मग तिनं नखानं दाणा उकरायला सुरुवात केली. "आत्ता भूगोलाचा तास हाय, सर."

दाणा निघाला. मी फडकं ओलं करून तो कोपरा पुसून काढला. बोर्ड शांत झाला. ढग आणले, ढग थांबले. नाकतोड्याचा प्रश्न परत घेतला तर सगळ्या वर्गानं उत्तर दिलं. देसाई मॅडमनी भराभर काहीतरी लिहिलं आणि शेवटी पेनला टोपण लावून माझ्याकडं बघून हसल्या. पोवार सर टेप गुंडाळत भिंतीला टेकून उभे होते.

फोन संपवून मगदूम सर आत आले. बोर्ड चालू, वर्ग हात वर करून बसलेला. त्यांनी बोर्डाला स्वतः बोट लावून बघितलं. मागं-पुढं केलं. चेहरा उजळला.

"झाला का बरा? वा! मॅडम, ठरलं. खोली बोर्डाची."

आठवी 'ब'नं बाक वाजवले. मी काय झालं होतं ते सांगायला तोंड उघडलं, पण सर ऐकायच्या पलीकडं गेले होते. ते दारातून शिपायाला हाका मारत होते, "अरे, तबक आण. नारळ आण. चांगल्या कामाची सुरुवात अशीच कोरडी करायची का?"

तबक आलं. सरांनी बोट ओल्या कुंकवात बुडवलं आणि बोर्डासमोर उभे राहिले. माझ्या हातात ओलं फडकं तसंच होतं. श्रावणी बाकावरच उभी होती.

पोवार सर भिंतीपासून पुढं आले, आदबीनं तबकाला हात लावला आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "सर, वरच्या डाव्या कोपऱ्यातबी लावा की. आणि अक्षता जरा सढळ हातानं."